कामाचं कसं चाललंय, जोझियान?

कर्वेनगर,
१७ जुलै २००५

तीर्थरूप बाबांना,
रुसलेल्या मुलीचा रुसलेल्या वडिलांना नमस्कार.

मी फोन केला की तुम्ही "हं" म्हणून रिसीव्हर आईकडे देता, म्हणून पत्र लिहिते आहे. कर्वेनगरहून नारायण पेठेत चालत आले तरी तासाभरात पोचेन, पण आले तर तुम्ही पेपर तोंडासमोर धराल आणि मी मागच्या पानावरच्या जाहिराती वाचत बसेन. पत्र निदान तुम्हाला स्वतः फोडावं लागेल. फाडायचं ठरवलंत तरी आधी वाचाल, एवढी मी तुम्हाला ओळखते.

त्या रविवारी मी ताटावर बसून नव्या कामाचं सांगत होते. फ्रान्समधल्या एका लहान गावात ट्रॅक्टरचे सुटे भाग पुरवणारं ऑफिस आहे. शेतकरी फोन करतात, तिथली माणसं ऑर्डर घेतात. जानेवारीपासून ते काम आमच्याकडे, पुण्यात. तोवर त्यांनी आम्हाला फोनवरून शिकवायचं, आणि मग त्यांचं ऑफिस बंद. हे शेवटचं त्यांना माहीत नाही. "पुण्याची मुलं सीझनमध्ये तुमच्या मदतीला," एवढंच त्यांना सांगितलंय. मी हे सगळं आनंदाने सांगत होते, कारण माझं फ्रेंच अखेर पोटापाण्याच्या कामी आलं होतं. तुम्ही घास ताटात परत ठेवलात आणि म्हणालात, "म्हणजे तू शंभू झालीस."

मला शंभू चांगला आठवतो. पिंपरीच्या कंपनीत तुमच्या मशीनवर शिकायला आलेला, काका काका करत आपल्याकडे जेवणारा. दिवाळीत आईने त्याला ओवाळलं होतं. तुम्ही त्याला हाताला धरून शिकवलंत, आणि मग तुमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला आणि मशीन त्याच्या हातात गेलं. त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कागद आला त्या दिवसापासून आपल्या घरात कुणालाही नावं ठेवायची झाली की शंभूपासून सुरुवात होते. पण ते नाव माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. म्हणून मी जेवायला आलेल्या आत्यासमोर म्हणाले, "शंभूचा काय दोष? तुम्हीच भोळसट होतात." आणि बॅग भरली.

बोलले ते बोलले. पण मी शंभू नाही, हे तुम्हाला पटेपर्यंत मी लिहीत राहणार आहे.

सध्या ऑफिसात शिकवणी चालू आहे. पद्मजा मॅडम येतात. आम्ही कॉलेजात शिकलेलं फ्रेंच म्हणे कोर्टात उभं राहून बोलावं तसं आहे. आमचे मॅनेजर केदार सर म्हणतात, "असं बोललात तर ते लोक एका ओळीत उत्तर देऊन फोन ठेवतील. त्यांना बोलतं करा. गप्पा मारता आल्या पाहिजेत." म्हणून आम्ही चहाच्या टपरीवरचं फ्रेंच शिकतोय. "सा व्हा, ल बुलो?" म्हणजे कामाचं कसं चाललंय. त्यावर "ऑ फे आले", चाललंय आपलं, ढकलतोय. खूप काम पडलं असेल तर फळीवर पाव पडलाय म्हणायचं. दमलो तर टायरसारखे पंक्चर झालो म्हणायचं. निरोप घेताना "बाँ कुराज", म्हणजे तुला कामाला धीर येवो. हे मला आवडलं. आपल्याकडे कामावर निघालेल्याला "डबा घेतलास का" विचारतात, त्यातलंच ते.

आईला सांगा, पोळ्या मला जमतात. गोल नसतात, पण पोटात गेल्यावर कोण बघतं.
वल्लरी


कर्वेनगर,
२८ ऑगस्ट २००५

ती. बाबांना नमस्कार.

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. आई म्हणाली की पत्र तुमच्या चष्म्याच्या घराखाली असतं. ठीक आहे.

मला शिकवते तिचं नाव जोझियान. आईच्या वयाची असेल. नवरा नाही, मुलगी दूर शहरात, घरी एक म्हातारी मांजर. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी अगदी सरकारी बोलत होती. मग एका सोमवारी मी विचारलं, "सा व्हा, ल बुलो?" पलीकडे ती इतकी हसली की शेजारच्या उत्कर्षाला माझ्या हेडफोनमधून ऐकू गेलं. तेव्हापासून आमचा रोजचा पहिला चहा फोनवर एकत्र होतो. तिची कॉफी, माझा मशीनचा पाणचट चहा. साहेब कसा डोक्यावर बसतो, शुक्रवार कधी येतो, मार्सेल नावाचा तिचा सहकारी रोज तोच विनोद कसा सांगतो. मग तासभर काम. कुठला शेतकरी पंप मागतो तेव्हा त्याला खरं तर काय हवं असतं, कुणाशी पाऊसपाण्याचं बोलायचं, कुणाशी नाही. ती काही हातचं राखून ठेवत नाही.

केदार सर खूश आहेत. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "वल्लरीसारखं करा. माणूस मोकळा झाला की नॉलेज आपोआप येतं." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला गाईची धार काढायच्या आधी तिच्या पाठीवरून हात फिरवतात ते आठवलं. मी हसून थँक्यू म्हणाले.

उत्कर्षा माझ्याच खोलीत राहते. वर्ध्याची आहे, घरी तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली माणसं आहेत. तिला मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "कायले टेन्शन घेते वं? आपण नाही केलं तर दुसरं कुणी करन." शंभूही असंच म्हणाला असेल का? त्याला कधी विचारलंत?

गणपतीला येणार नाही. मोदक मात्र पाठवा.
वल्लरी


कर्वेनगर,
२ ऑक्टोबर २००५

ती. बाबा,

मोदक मिळाले. आईने पाठवले असं आई म्हणते, पण डब्यावर सुतळी तुमच्या गाठीची होती.

आज तुम्हाला सरळ विचारायचं आहे. जोझियानच्या गावच्या नगरपालिकेत एक जागा निघाली आहे. पगार कमी, पण कायमची. तिथली बाई तिची मैत्रीण आहे, म्हणाली तू हो म्हण, जागा तुझी. सतरा तारखेपर्यंत कळवायचं आहे. जोझियानने शुक्रवारी कॉफी पिता पिता मला सहज सांगितलं, आणि मग म्हणाली, "पण मी कशाला जाऊ? इथे काम वाढतंय, म्हणून तर तुम्हाला घेतलंय ना? तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं.

मी म्हणाले, लाइन खराब आहे, उद्या बोलू. लाइन चांगली होती.

सांगितलं तर माझी नोकरी जाईल, तशा कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्यात. नाही सांगितलं तर जानेवारीत तिच्या हातात हेही नसेल आणि तेही नसेल. त्या गावात तिसरं ऑफिसच नाही. तुम्हालाही तेव्हा दुसरीकडून बोलावणं आलं होतं, आणि "कंपनीने नवीन पोरगा दिलाय म्हणजे माझं सुपरवायझर व्हायचं नक्की" म्हणून तुम्ही नाही म्हणालात. आई अजून हे सांगताना भाजीच्या पातेल्याकडे बघते.

रागावून का होईना, पण उत्तर द्या. "हं" लिहिलंत तरी चालेल.
वल्लरी


कर्वेनगर,
१३ ऑक्टोबर २००५

ती. बाबा,

उत्तर नाही. आता मला तुमचा राग आलाय, त्यामुळे हिशेब बरोबर झाला.

परवा ऑफिसात खंडेनवमीची पूजा केली. पिंपरीला तुम्ही मला एकदा नेलं होतं, सगळी यंत्रं धुऊनपुसून, तेल लावून, झेंडूत नटवलेली. आमच्याकडे कॉम्प्युटर. तरी आम्ही मुलींनी मंडईतून झेंडू आणला, उत्कर्षाने हार ओवले, प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर आपट्याचं पान. साड्या नेसलो होतो. फोटो काढले, आणि केदार सरांच्याच सांगण्यावरून मी त्यातला सगळ्यात छान एक फ्रान्सला पाठवला. त्यांना आपला सण दिसेल, जवळीक वाढेल म्हणून.

आमच्या मॉनिटरांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. ज्याचं काम ज्या जागेवर यायचं त्याचं नाव. जोझियान, मार्सेल, आणि बाकीचे. जुलैपासून त्या तिथेच आहेत, आम्ही जागांना त्याच नावांनी हाका मारतो. "मार्सेलवर कोण बसलंय?" वगैरे. इतकी सवय झाली की डोळ्यांना दिसेनात. हार घालताना आम्ही त्या चिठ्ठ्यांनाही कुंकू लावलं. एवढ्या शिकलेल्या मुलींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही की फोटोत नावं वाचता येतात.

काल जोझियानने फोन केला. तिने कॉफीचं विचारलं नाही. म्हणाली, "फुलं सुंदर आहेत. तुझ्या मशीनवर माझं नाव का आहे?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. काय ते विचारू नका.
वल्लरी


कर्वेनगर,
१६ ऑक्टोबर २००५

ती. बाबा,

विचारणार नाहीच तुम्ही, तर मीच लिहिते.

केदार सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी फोनचं आवाज बंद करायचं बटण दाबून ठेवलं आणि म्हणाले, "अगं, सिंपल आहे. सांग, आमच्याकडे प्रथा आहे. जो शिकवतो तो गुरू, गुरूच्या नावाची पूजा करतात." आणि मी ते सांगितलं. सुंदर फ्रेंचमध्ये सांगितलं. पलीकडे ती रडायला लागली. म्हणाली, इतकी वर्षं इथे घालवली, कुणी साधं थँक्यू म्हटलं नाही, आणि तुम्ही फुलं वाहिलीत. तिने तो फोटो छापून घेऊन स्वयंपाकघरात लावला आहे. आणि नगरपालिकेला सोमवारी नाही म्हणून कळवणार आहे.

बाबा, शंभू नुसता गप्प राहिला होता. त्याने तुमची पूजा केली नव्हती.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. काल शनिवारी दुपारी मी इथल्या चौकातल्या आयएसडी बूथवर गेले आणि तिच्या घरी फोन लावला. माझ्यापाशी शब्दच नव्हते. काम कसं चाललंय हे मला वीस तऱ्हांनी विचारता येतं. काम गेलं हे कसं सांगायचं ते पद्मजा मॅडमनी शिकवलं नव्हतं. मी लहान मुलासारखं तुटक तुटक बोलले. जानेवारीत तुमचं ऑफिस बंद. आम्ही मदतीला नाही, आम्ही तुमच्या जागेवर. पूजेचं खोटं. नगरपालिकेला हो म्हण.

ती ओरडली नाही. मांजरीला काहीतरी म्हणाली, बहुतेक खाली उतर. मग विचारलं, "आणि मार्सेल? बाकीचे?"

आणि मी म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. माझी नोकरी जाईल." तिने बरं म्हटलं.

बूथवाल्याने पैसे घेताना विचारलं, घरी कुणी गेलं का ताई. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. पण आज बरं वाटतंय. मी शंभू नाही, बाबा. मी सांगितलं.
वल्लरी


कर्वेनगर,
६ नोव्हेंबर २००५

ती. बाबांना नमस्कार.

दिवाळीला आले नाही. ऑफिसचं कारण नव्हतं, खोटं कशाला लिहू. तुमच्यासमोर बसायची हिंमत नव्हती.

जोझियान गेली. नगरपालिकेत रुजू झाली. तिच्या ऑफिसात छोटा समारंभ झाला, मार्सेलने तोच विनोद सांगितला. शेवटच्या दिवशी तिने मला फोन केला. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "तीन आठवडे मी त्यांच्यात बसून कॉफी प्यायले. मार्सेलने मला विचारलं, घराला नवीन छप्पर घालतोय, कर्ज काढू ना? मी काही बोलले नाही, कारण तुला शब्द दिला होता. तू तुझं ओझं माझ्याकडे दिलंस आणि मोकळी झालीस." तिने बाँ कुराज म्हटलं नाही. मीही नाही.

आता मार्सेल मला शिकवतो. मला टीमची लीड केलंय. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "सा व्हा, ल बुलो?" मी म्हणाले, चाललंय.

मी त्याला सांगणार नाही, बाबा. जोझियानला सांगितलं कारण ती मला आवडत होती. हा माणूस मला तेवढा आवडतही नाही. आणि आता प्रश्न माझ्या एकटीचा नाही. हे काम तुटलं तर उत्कर्षासकट सगळ्याच जणी घरी बसतील. उत्कर्षाचं घर वर्ध्याला आहे, पुण्यात तिला घरी बसायलाही घर नाही.

हे तुम्हाला का लिहिते आहे तेही कळत नाही. पण तुमच्याशिवाय कुणाला लिहू?
वल्लरी


कर्वेनगर,
१९ नोव्हेंबर २००५

ती. बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. एवढी गोष्ट, आणि उघड्या पोस्टकार्डावर. आमच्या पोस्टमनने देताना मान खाली घातली होती, म्हणजे वाचलं त्याने. तुम्ही पत्रांच्या नकला ठेवत नाही, म्हणून तुमचाच मजकूर तुम्हाला परत लिहून पाठवते. काय लिहून बसलात ते एकदा वाचा.

"चि. वल्लरी, सर्व पत्रे मिळाली. शंभूने मला सांगितले नाही याचा मला राग नाही. पोर होते, नोकरी गेली असती. राग याचा, की त्याने संपतला सांगितले. संपत मला कागद यायच्या दोन महिने आधी लोणी काळभोरच्या वर्कशॉपात लागला. तोवर रोज कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसत होता. मी त्याला सुपरवायझर झाल्यावर काय काय करीन ते सांगत असे. तो ऐकत असे. अजून दर गुरुवारी आपल्याकडे येतो. मी विचारत नाही, तो सांगत नाही. शंभूचे नाव घेणे सोपे पडते. तू उत्तर मागितलेस म्हणून लिहिले. आशीर्वाद."

संपतकाका. ज्यांनी मला सायकल शिकवली, गुरुवारी ज्यांच्यासाठी आई शेंगदाण्याची चटणी करते. मी कार्ड कितीदा वाचलं त्याला गणती नाही. म्हणजे इतकी वर्षं आपल्या घरात शिव्या शंभूला पडत होत्या आणि चटणी संपतकाकांना. आणि मी जोझियानला संपतकाका करून ठेवलं होतं. मोठ्या प्रेमाने.

गुरुवारी आमचा आठवड्याचा मोठा फोन असतो. तिकडचं सगळं ऑफिस एका खोलीत, इकडे आम्ही सगळे, मध्ये स्पीकर. पहिली पाच मिनिटं नेहमीच्या गप्पा. मार्सेलने विचारलं कामाचं कसं चाललंय. मी म्हणाले, "तुमचं ऑफिस जानेवारीत बंद होणार आहे. तुम्ही शिकवताय ते काम आम्ही करणार. सगळ्यांचं. मार्सेल, कर्ज काढू नका." या वेळी तुटक नव्हतं. बुधवारी संध्याकाळी आरशासमोर पाठ केलं होतं.

केदार सरांनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते वाईट नाहीत हो, त्यांच्याही घराचे हप्ते चालू आहेत. "तुला कळतंय का तू काय केलंस?" असं ते एवढ्या हळू म्हणाले की ओरडले असते तर बरं झालं असतं. उत्कर्षा माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघू शकले नाही.

मग माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मार्सेल होता. विचारलं, "खरं?" मी म्हणाले, खरं. मागे त्याच्या खोलीत खूप आवाज चालला होता, कुणीतरी दार आपटलं. मग तो म्हणाला, "सकाळची एक ऑर्डर राहिली आहे. त्या माणसाचा ट्रॅक्टर शेतात उभा आहे, पेरणी अडली आहे. लिहून घे." त्याने पंपाचा नंबर सांगितला, मी लिहून घेतला, परत वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाला आणि फोन ठेवला. मी ऑर्डर लावली आणि मग ओळखपत्र काढून केदार सरांच्या टेबलावर ठेवलं.

तिकडे लोक संपावर गेलेत असं ऐकलं. इकडचं काम थांबलंय, मुलींना पुढे ठेवतील की नाही ठाऊक नाही. उत्कर्षा माझ्याशी बोलत नाही. एकाच खोलीत राहतो, ती तिचा चहा वेगळा करते. तिची नोकरी गेली तर मी तिला काय सांगणार आहे? खरं बोलून बरं वाटतं असं म्हणतात. मला बरं वाटत नाही.

येत्या गुरुवारी मी घरी येते आहे. रविवारी नाही, गुरुवारीच, संपतकाका येतात तेव्हा. पेपर तोंडासमोर धरलात तरी मी बसून राहीन. मार्सेलला सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं. संपतकाकांना विचारायचं तुमचं राहिलंय, बाबा. मी समोर बसते, तुम्ही विचारा.

तुमची
वल्लरी